सायकलचा तुटलेला चिमटा

बायको जाऊन आठ महिने झाले. उतारावर तिच्या सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, मोडला आणि ती डोक्यावर आपटली. सायकल माझा धाकटा भाऊच दुरुस्त करायचा. "दादा, चिमटा मी महिन्यापूर्वीच नवा टाकला होता. नशीबच खोटं," तो म्हणाला. मीही नशिबालाच बोल लावत बसलो.

माझी मुलगी इंजिनिअरिंगला धातूंचा अभ्यास करते. तिसऱ्या वर्षाला मोडलेली एखादी वस्तू तपासायची असते, म्हणून तिने तो चिमटा कॉलेजात नेला. काल परत आणला, तेव्हा भाऊ आमच्याकडे जेवत होता.

"काका, हे बघा," ती म्हणाली. "तुटल्या जागी हा अर्धा भाग काळा आहे, म्हणजे तडा जुना आहे. चकाकतोय तेवढाच त्या दिवशी तुटला. वरून वेल्डिंग करून रंग मारलाय."

"चार बुकं शिकली, आता काकाला शिकवतेय," तो हसत म्हणाला.

"नवा टाकला होतास ना?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली. "नवा यायला आठवडा लागणार होता, दादा. वहिनीला सायकल लगेच हवी होती."

"मग तसं सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू तिला सायकलवर बसू दिलं नसतंस."

"नसतं दिलं," मी म्हणालो.

त्याचं जेवण अजून व्हायचं होतं. मी त्याच्यापुढचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं.