टाळू लवकर भरली तेव्हा

मित्रांनो, मी मोहरीची एक जुनी उशी आहे. तोरणा किल्ल्याखाली वेल्ह्याला सगुणाबाईंनी जुन्या लुगड्याच्या मऊ पदरातून मला शिवलं. तान्ह्या बाळाचं डोकं माझ्यावर टेकलं की मोहरी हळूहळू सरकते आणि डोक्याला गोलाई येते, असा माझा लौकिक. पलीकडच्या आळीतूनही बाया मला मागायला येत. खोटं कशाला सांगू, मी फुगून गेले होते.

मग सगुणाबाईंचा नातू ज्ञानू जन्मला. त्याची आई फुलाबाई रोज त्याच्या टाळूवर तेल घालत. इतर बाळांची टाळू चालायला लागेपर्यंत मऊ राही, हलकेच उडे. ज्ञानूची पाळण्यातच कडक झाली.

"लई पक्क्या हाडाचं हाय माजं लेकरू! टाळू भरली बगा!" सगुणाबाईंनी हरखून आळीभर गूळ वाटला.

मला मात्र ते खटकलं. मोहरी सरकत होती, पण डोकं दगडासारखं लागत होतं. ते कडेला न वाढता वर निमुळतं होत चाललं.

पुढे पोरं त्याला 'नारळ्या' म्हणून चिडवू लागली. सकाळी उठल्या उठल्या त्याचं डोकं ठणके, ओकारी येई. नजर लागली म्हणून माझ्याच पोटातली चिमूटभर मोहरी घेऊन दृष्ट काढली. फुलाबाई मला चुलीपाशी शेकून त्याच्या कपाळावर धरत.

"आये, डोकं फुटतंय गं," तो म्हणे.

एकदा भर दुपारी त्याने मला मागितलं. मी त्याच्यासमोरच उन्हात पडले होते. तो जमीन चाचपत राहिला. फुलाबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं.

बापाने, सावळारामने, त्याला बैलगाडीतून भोरला नेलं. मी त्याच्या डोक्याखाली होते. डॉक्टरांनी डोकं चाचपलं, डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं.

"कवटीचे सांधे फार लवकर जुळले. मेंदू वाढत गेला, त्याला जागा मिळाली नाही. त्या दाबाने डोळ्यांच्या नसा सुकल्या. गेलेली नजर आता येणार नाही. तान्हा असतानाच दाखवायला हवा होता."

सावळारामने ज्ञानूला जवळ ओढलं. मग म्हणाला, "आमी तर गूळ वाटला व्हता, डागतर."

ज्ञानू मोठा झाला. गुरांसाठी दावी वळायला शिकला, पण नजर गेली ती गेलीच. अलीकडेच त्याची धाकटी बहीण चंद्रा बाळंतपणाला माहेरी आली. बाळ जन्मलं, तसं फुलाबाईंनी मला धुऊन, नवी मोहरी भरून पाळण्यात ठेवलं. ज्ञानू भिंतीला धरून धरून आला. त्याची बोटं बाळाच्या डोक्यावर फिरू लागली. मी घाबरून गेले होते.

"उडतीया," तो म्हणाला. "चंद्रे, टाळू उडतीया!" आणि पाळण्याची दोरी धरून रडू लागला.

आता रोज सकाळी तो बाळाची टाळू बघतो. बोटं जराशी जास्त थांबली, की माझा जीव टांगणीला लागतो. मित्रांनो, तुमच्या घरी तान्हं भावंड असेल तर मोठ्यांना एवढं सांगा. टाळू वेळेआधी कडक झाली, डोकं वेडंवाकडं वाढू लागलं, तर गूळ वाटू नका, बाळाला आधी डॉक्टरकडे न्या. माझ्यावर विसंबू नका. मी नुसती मोहरीची उशी आहे.