दारावरचा लाल दिवा

रेकॉर्डिंग स्टुडिओला नवा लोगो हवा होता. मामाने भागीदाराच्या नाकावर टिच्चून ते काम भाचीला दिलं. भागीदाराने मग अट घातली, की तिने स्वतः येऊन समजावून सांगावं आणि पटलं नाही तर काम बाहेर जाईल. अट साधीच, पण तिच्यासाठी अवघड. लहानपणापासून तिची जीभ अडखळायची. 'म' तर असा रुतून बसायचा की सख्ख्या मामाला ती काका म्हणायची. नातेवाईक पोट धरून हसले, मामाने मात्र काकापद निमूट स्वीकारलं.

माइक, हेडफोन, ध्वनिलहरी, सगळं काढून तिने फाडलं होतं. असले लोगो पैशाला पासरी. शेवटी उरलं ते तिने आज रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या पडद्यावर लावलं: काळं दार, वर लाल ठिपका. पाटीवर, पाकिटावर, चहाच्या मगावरही तेच.

"हे द... द..."

"दार," भागीदार म्हणाला. "आणि हा काय, सूर्य?"

माणूस वाईट नव्हता, फक्त दुसऱ्याच्या वाक्याच्या पुढे पळायची त्याला खोड होती. तिचे पुढचे तीन शब्दही त्यानेच पुरे केले, त्यातले दोन चुकीचे. तिचे कान तापले. काम हातचं चाललं होतं.

मामा उठला. त्याने दार लावलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं. दारावरचा लाल दिवा लागला.

दिवा लागला की बोलणाऱ्याचं होईपर्यंत बाकीच्यांनी चूप बसायचं, हा इथला कायदा. भल्याभल्या गायकांना तो भागीदारानेच शिकवला होता. त्याने तोंड मिटलं. कप खाली ठेवला तर आवाज होईल म्हणून तो तसाच हातात धरून बसला.

लहानपणी सुट्टीत मामा तिला याच खोलीत गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचायला बसवायचा आणि दिवा लावायचा. एका पानाला तासही लागे. बाहेर वादक ताटकळत, पण मामा कुणाला आत सोडत नसे.

"हा दिवा आहे," ती म्हणाली. "तो लागला की सगळे थ... थांबतात. अख्ख्या जगात फक्त याच खोलीत कुणी घाई केली नाही. इथे येणाऱ्या प्रत्येकाला तेच लाभतं. तेव्हा हाच लोगो."

भागीदाराने मान डोलावली, आवाज न करता. काम तिचं झालं होतं. पण दिवा अजून चालू होता आणि तिचं बोलून संपलं नव्हतं. ती मामाकडे वळली.

"म... म..."

कुणी हललं नाही. तिला रडू येत होतं, तरी घाई नव्हती.

"मामा. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर."

मामाने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग घसा खाकरून तो म्हणाला, "छान झालं. पण रेकॉर्डिंग लावायचं राहिलं बघ. पहिला शब्द तेवढा परत घेऊ या?"