बेलाला पानं आली की

आठवड्याची बेलपानं वर्षाराणी रविवारीच आणून ओल्या फडक्यात ठेवायची. सोमवारी तर बेल तोडायचाच नसतो. दारातलं झाड रस्ता रुंद करताना गेलं, तेव्हापासून ती कॉलेजच्या मागच्या वनस्पती उद्यानात जायची. लग्न झाल्यापासूनचा नेम होता: रोज सकाळी देवळात जाऊन महादेवाला एक पान, तिन्ही दळं शाबूत असलेलं. ते वाहिल्याशिवाय चहाचा घोट नाही. मागणं मात्र कधीच काही नाही. मूलबाळ झालं नाही, तेव्हाही तिनं मागितलं नाही. नेम पाळायचा, हात पसरायचा नाही, हे आईनं शिकवलेलं तिच्या अंगात मुरलं होतं.

गेल्या ज्येष्ठात तिची धाकटी बहीण सोनाली उमरग्याला तापाचं निमित्त होऊन गेली. मागं नऊ वर्षांचा शंभू आणि सहा वर्षांची निकिता. त्यांचे वडील अमरसिंह दिवसभर ट्रकच्या पार्टच्या दुकानात. घरात बघायला कुणी नाही. वर्षाराणीनं दोघांना धाराशिवला आणलं, शाळेत घातलं. सगळं तिचे हात करत होते. आत काही हलत नव्हतं. एकदा रडावं म्हणून ती देवासमोर बसली, तर वाती वळून झाल्या आणि ती उठली.

श्रावणात तिनं लेकरांना पहिल्यांदा बागेत नेलं. वाटांवर चिखल, झाडं हिरवीगच्च. दाराशी रखवालदार बलभीम स्टुलावर बसलेला.

"बोर्ड वाचता येतो का रं?" त्यानं शंभूला विचारलं.

"पान, फूल, फळ तोडू नये," शंभूनं वाचलं.

"मग तुझ्या मावशीला सांग की."

"देवाला पाहिजे, बलभीमभाऊ," वर्षाराणी हळूच म्हणाली. हे बोलणं दर रविवारचं होतं.

"देवाला म्हणावं, बोर्ड वाच." असं म्हणून तो उठला आणि त्यानंच फांदी वाकवली. "तुमी न्हाय तोडायचं. म्या तोडतो. म्या बागेचाच हाय."

बेलाच्या बुंध्याला शास्त्रीय नावाची पत्र्याची पट्टी होती. शंभूनं अडखळत वाचलं, "एगल मार्मेलॉस."

"हे नाव देवाला माहितीय का?" निकितानं विचारलं.

"देवाला समद्यांची नावं ठाऊक असतात," वर्षाराणी म्हणाली.

"आईचं पण?"

"व्हय."

आपला आवाज कापतो का, ते वर्षाराणीनं ऐकून पाहिलं. कापला नव्हता. तिनं पानं फडक्यात गुंडाळली.

आश्विनात प्राजक्ताखाली सडा पडलेला असायचा. भुईवर पडलेलं फूल देवाला चालत नाही, हे एकच चालतं, असं तिनं सांगितलं. त्यावर निकिता प्रत्येक झाडाखाली जाऊन "हे चालतं का?" विचारत सुटली आणि बलभीम लांबून ओरडून उत्तरं देऊ लागला, "त्ये शेळीला चालतं!"

थंडीत आवळे आले. बलभीमनं खाली पडलेले दोन पुसून दिले. निकितानं तोंड वेडंवाकडं केलं, वर पाणी प्यायली आणि गोड लागलं म्हणून पुन्हा प्यायली. शंभू आवळा मुठीत धरून होता.

"आईला आवडायचा का गं आवळा?"

वर्षाराणीला आठवेना. एका ताटात जेवलेल्या बहिणीचं एवढंही आठवेना. "आवडत असंल," ती म्हणाली. शंभूनं तो आवळा खिशात ठेवला. आठवड्यानं धुणं धुताना तिला तो सापडला, सुकलेला. तिनं तो परत त्याच खिशात घातला.

माघात अमरसिंहनं दुसरं लग्न केलं. गिरिजा नाव तिचं, साध्या घरची. फोन आला, "अक्का, परीक्षा झाली की लेकरांना न्यायला येतो."

"बरं," वर्षाराणी म्हणाली.

रात्री जेवताना तिचा नवरा व्यंकट म्हणाला, "आगं, एक शब्द टाकून तर बघ. ऱ्हाऊ द्या म्हणावं."

"त्यांची लेकरं हायत."

"ती हायतच. टाकायला काय जातंय?"

तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. शब्द घशापर्यंतही आला नव्हता, त्यामुळं गिळायचाही प्रश्न नव्हता.

चैत्रात अमरसिंह आला तो रविवार होता, म्हणून सगळे मिळून बागेत गेले. बेल उघडाबोडका उभा होता. नुसते काटे आणि वर टांगलेली फळं. निकितानं फिरून फिरून शोधलं, तेव्हा भिंतीकडच्या खालच्या फांदीला एक पान सापडलं. बलभीमनं ते काढून तिच्या हातावर ठेवलं.

"उद्या हे वाहशील. परवा काय करशील?" निकितानं मावशीला विचारलं.

"बेल शिळा होत न्हाय. ह्योच धुऊन परत वाहायचा."

"किती दिवस?"

"नवी पानं येईस्तोवर."

निकिताचा चेहरा रडवेला झाला, तसा अमरसिंह घाईनं म्हणाला, "पानं आली की आणतो तुला हिकडं." मग तो वर्षाराणीकडं बघत थोडा वेळ उभा राहिला. ती पान फडक्यात ठेवत होती. तिनं मान वर केली नाही. बाहेर ऑटो थांबली होती.

त्यानंतर रोज सकाळी तेच पान. ती ते धुवायची, वाहायची, घरी आणून पुन्हा धुवायची. पान वाळत गेलं, कडक झालं. घर झाडून लवकर व्हायचं. भाकऱ्या अजूनही जास्तच थापल्या जायच्या आणि व्यंकट त्या दुसऱ्या दिवशी शिळ्या खायचा.

वैशाखातल्या एका सोमवारी, धुताना, पानाचं एक दळ सुटलं आणि पाण्यात तरंगायला लागलं. दोन दळांचं पान वाहता येत नाही. वर्षाराणी तांब्या तसाच ठेवून उपाशीपोटी बागेकडं निघाली. सोमवार आहे, तोडता येणार नाही, हे तिला अर्ध्या वाटेत आठवलं. तरी ती चालत राहिली.

बेल लालसर कोवळ्या पानांनी भरला होता.

"आज सोमवारी कशा काय, ताई?" बलभीम म्हणाला. "आन् पोरं आली न्हाईत आजून? लई दिस झालं."

 तिनं झाडाखाली उभं राहून फोन लावला.

"दाजी, बेलाला पानं आलीत."

"हां, अक्का." अमरसिंहच्या मागं ट्रकचा आवाज होता. "म्हंजे?"

"पानं आली की आणतो म्हणला होता."

"व्हय की. निकिता रोज इचारती."

आता फोन ठेवायचा, एवढंच उरलं होतं. तिनं ठेवला नाही.

"लेकरं माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "शाळा हितंच करू द्या. सुट्टीत तुमच्याकडं येतील. पर माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

ट्रक निघून गेला.

"अक्का, हे तवाच का न्हाय म्हणलात? म्या थांबलो व्हतो बागेत. गिरिजा बी आता म्हणती, अक्कांना इचारून बघा, थोरलं नीट जेवत न्हाय. पर तवा तुमी वर बघितलंच न्हाय. मला वाटलं, तुमाला झेपंना झालंय."

"मला मागता येत न्हाय," वर्षाराणी म्हणाली.

"रविवारी घेऊन येतो," तो म्हणाला. "दप्तरासकट."

फोन बंद झाला. आता काहीतरी होईल, म्हणून ती उभी राहिली. आत तसंच होतं, बधिर. फक्त पाय भाजत होते. तिच्या ध्यानात आलं, ती अनवाणीच आली होती.

बलभीमनं सवयीनं फांदीला हात घातला होता. तिनं मान हलवली, तसा त्यानं तो काढून घेतला.

"मग आज देवाचं कसं?"

"आज नुसतं पाणी."

"चालतं का तसं?"

"इचारते जाऊन," वर्षाराणी म्हणाली, आणि सावली बघून पाय टाकत देवळाकडं निघाली.