हेल्मेटच्या आतलं डोकं

मित्रांनो, मी एक जुनं हेल्मेट आहे. मोटरसायकलवाल्याचं नव्हे, अमेरिकन फुटबॉलचं. त्या खेळात चेंडू पायापेक्षा हातातच जास्त असतो आणि खेळाडू एकमेकांवर बैलांसारखे धडकतात. म्हणून मला बाहेरून टणक कवच आहे, आत मऊ गाद्या आणि तोंडापुढे जाळी.

२००१ साली अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहराजवळच्या एका छोट्या कॉलेजनं पहिल्यांदाच फुटबॉलचा संघ काढला. नील हार्लन त्याचे पहिले कोच. मला खोक्यातून त्यांनीच बाहेर काढलं. मैदानाची कामं करायला माणूस नव्हता, तेव्हा ते स्वतः फक्की टाकून रेषा आखत. पहिल्या वर्षी संघ एकही सामना जिंकला नाही. तरी ते मुलांना बजावत, "हरलात तरी चालेल, पण डोकं खाली घालून कुणाला भिडू नका."

पुढे संघात आलेल्या कुशल मेश्रामनं मला डोक्यावर चढवलं. त्याची आई संघमित्रा मूळची नागपूरची, प्रयोगशाळेत नोकरी करणारी. कडाक्याच्या थंडीत ब्लँकेट पांघरून ती सामन्याला यायची. सामना संपला की कुशल मला मायेनं पुसायचा. ते माझे सुखाचे दिवस.

२००५चा शेवटचा सामना. जिंकलो तर पहिलं विजेतेपद! एका धिप्पाड गड्यानं कुशलला आडवं केलं. माझं कवच शाबूत राहिलं. कुशल उठला आणि समोरच्या संघाच्या बाकाकडे चालू लागला. पोरं हसली. हार्लन हसले नाहीत.

"ठीक आहेस ना?"

"आय ॲम फाइन, कोच."

हार्लननी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग प्रेक्षकांनी गच्च भरलेल्या बाकड्यांकडे. "जा, खेळ," ते म्हणाले.

दुसऱ्या धडकेनंतर कुशल उठलाच नाही. सामना मात्र आम्ही जिंकलो.

"आई, कोण जिंकलं?" हॉस्पिटलमध्ये तो पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. संघमित्रानं कोचना गाठलं. "तो भलतीकडेच चालला होता. तुम्हाला दिसलं नाही?"

"गडबडीत लक्षात आलं नाही," हार्लन म्हणाले.

कुशलला उजेड सोसेना. वाचताना ओळी हलायच्या. त्याचं कॉलेज कायमचं सुटलं. मला कॉलेजातल्या काचेच्या कपाटात मान मिळाला, हार्लनना सत्कार. पण माझ्यासमोरून जाताना ते दुसरीकडे बघत. पुढे पुढे तर ते मागच्या दारानं येऊ लागले.

२००८मध्ये मैदानाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं. त्यांनी ते नाकारलं, राजीनामा दिला आणि मला काखोटीला मारून थेट मेश्रामांचं घर गाठलं.

दार संघमित्रानं उघडलं.

"मला दिसलं होतं," हार्लन म्हणाले. "मी तुमच्याशी खोटं बोललो."

काळा चष्मा लावलेला कुशल तिच्या मागून पुढे आला. "पण कोच, फाइन तर मीच म्हणालो होतो."

"तू पोरगा होतास, तू तसंच म्हणणार. ओळखायचं काम माझं होतं."

संघमित्रा दारातून बाजूला झाली. "या आत. ते मात्र बाहेरच ठेवा."

तेव्हापासून मी इथे पायरीवर आहे. मित्रांनो, कवटी वाचवणं मला जमतं. आत हादरणारा मेंदू धरून ठेवणं मला जमत नाही. डोकं गरगरलं तर स्पष्ट सांगा. आणि मोठ्यांनो, ज्याला सांगता येत नाही, त्याला माझ्या भरवशावर पुन्हा मैदानात धाडू नका.