रुक्माबाईंच्या पाठीखालची सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. पण जुनी म्हणून मला शांत समजू नका. घडी करून ठेवलं की माझा जीव कासावीस होतो. कधी एकदा कोणी पसरतंय असं होऊन जातं.

माझा जन्म मागावरचा. जाड सुताची, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, चांगली ऐसपैस होते मी. रुक्माबाईंचा मुलगा प्रितम कारकून झाला, त्या साली त्यांनी मला आदिलाबादच्या बाजारातून बेला गावाकडच्या आपल्या खेड्यात आणलं. पाहुणे आले की पहिला मान माझा. विहारात वंदनेला बसायलाही लोक मला मागून न्यायचे. "सतरंजी असावी तर अशी," हे ऐकून मी फुगून जायचे. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी कणगीमागे झाली. तिथे उंदरांनी माझा कोपरा फस्त केला, तरी कोणाला पत्ता नाही.

मला पुन्हा बाहेर काढलं ते रुक्माबाईंच्या कंबरेनं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या वावरात निंदण केलं, कापूस वेचला. प्रितमनं पगारातून स्वतःचं वावर घेऊन दिलं आणि नेमकी तेव्हाच कंबर धरली. उभं राहवेना, बसवेना, पडवेना. माझ्यावर टेकल्या की या कुशीवरून त्या कुशीवर, की पुन्हा उठून भिंतीला हात. त्यांच्यापायी मलाही चैन पडत नव्हतं.

शेजारचे वामनराव पायाळू, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी आलेले. अशा माणसानं पाय लावला की उसण पळते, असं आमच्याकडे मानतात. सून मैत्री शाळेत शिकवते. ती नको नको म्हणत होती, तरी रुक्माबाई माझ्यावर पालथ्या पडल्या आणि वामनरावांनी कंबरेत पाय दिला. उसण कुठली पळते? रुक्माबाई अशा किंचाळल्या की वामनरावच पळाले, आणि जाता जाता पाय मलाच पुसून गेले!

शेवटी मैत्रीनं त्यांना आदिलाबादला दवाखान्यात नेलं. गाडीत पाठीला आधार म्हणून मीही गेले. व्यायाम शिकवणाऱ्या भाग्यलक्ष्मी मॅडम म्हणाल्या की हाड ठीक आहे. पण दुखेल या धास्तीनं पाठ आवळलेली राहते, आणि आवळल्यानं आणखी दुखते. त्यांनी रुक्माबाईंना उताणं झोपवलं, गुडघ्यांखाली उशी दिली.

"अम्मा, पाय आवळा. आता सोडा. सास हळू सोडा, आंग भी सोडा. छोडनाच असली काम है."

असं पायांपासून कपाळापर्यंत. घरी रुक्माबाई सकाळ-संध्याकाळ नेमानं ते करू लागल्या. वरून बघणाऱ्याला सगळं बरोबर वाटे, पण मला वजन कळतं ना! त्या मूठ आवळायच्या, पण सोडायच्याच नाहीत. लगेच मांडी, लगेच पोट. जोर लावणं म्हणजे काम आणि सोडणं म्हणजे आळस, हेच त्यांच्या अंगात मुरलेलं. कंबर तर माझ्यावर कधी टेकलीच नाही. अहो, सोडा की, असं ओरडावंसं वाटे. पण सतरंजीला तोंड कुठलं?

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली. वावर बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला द्यायचं तर करार तेव्हाच होतो.

"माय, या साली वावर रामाजीले देऊन टाकू," प्रितम म्हणाला. "तुह्यानं होत नाही."

"काऊन होत नाही? करून राह्यली ना मी दवाखान्याची कसरत!"

"मंग उठता काऊन येत नाही तुले?"

"जलमात एक वावर भेटलं, अन् तेबी हातचं चाललं," एवढं म्हणून रुक्माबाई माझ्यावर पडल्या आणि लेकरासारख्या रडल्या. मैत्री शेजारी येऊन बसली.

"आई, आज काहीच करू नका. कसरत बी नको. नुसता श्वास सोडा."

रडून रडून त्यांच्यात जोर उरलाच नव्हता. एक लांब श्वास सुटला. खांदे खाली आले, मांड्या सैलावल्या, आणि ती कंबर, मित्रांनो, पहिल्यांदा अख्खी माझ्यावर टेकली. केवढा तो भार! मला इतका आनंद कधी झाला नव्हता. रुक्माबाई भरदुपारी घोरू लागल्या.

उठल्या तेव्हा दुखत होतंच, पण भिंत न धरता उठल्या. "आवळाचं ठाऊक होतं मले," त्या मैत्रीला म्हणाल्या, "सोडाचं कोनी शिकवलंच नाही." करारासाठी आलेल्या रामाजीला चहा पाजून परत पाठवलं. मग कंबर हळूहळू मोकळी होत गेली. मधूनमधून हट्टही करायची.

श्रावणात निंदण आलं. उघडीप बघून रुक्माबाईंनी मला मोहाच्या झाडाखाली पसरलं आणि निंदणाऱ्या बायांना हाक मारली, "या वं, आडव्या व्हा जराशा!"

बाया जागच्या हलेनात. कामाच्या वेळी मालकिणीसमोर आडवं कसं व्हायचं? एकीनं भीत भीत विचारलं, "मजुरी त नाही कापणार ना, बाई?"

रुक्माबाईंचा चेहरा उतरला. याच भीतीनं त्यांनीही कितीतरी वावरांत कंबर सरळ केली नव्हती. "मालकीण मी हाव ना आता?" त्या म्हणाल्या. "पडा."

बाया पडल्या, पण बांधावरून कोणी बघतंय का म्हणून नजर धुऱ्याकडे, आणि पाठी अधांतरी. त्या पाठी मी ओळखते.

मित्रांनो, सतरंज्या झटका, उन्हात घाला, हे तर सांगतेच. पण घरात कोणी कंबर धरून वावरत असेल, तर नुसतं 'आराम करा' म्हणून निघून जाऊ नका. हातातलं काम काढून घ्या, आणि त्यांची पाठ खाली टेकेपर्यंत जवळ बसा.