चहा म्हणायचं नाही

गोवर्धनदादांनी चहा सोडला नव्हता. भातकुलीला स्वतःच्या घरी ते दिवसाला सहा-सात कप रिचवत, टपरीवरचे वेगळे. सोडला होता तो फक्त बहिणीच्या घरचा चहा, आणि तोही भर मांडवात, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात.

त्याला आता चार वर्षं झाली होती. सुभद्राबाईंच्या लेकीच्या, हर्षाच्या साक्षगंधात व्याह्यांकडच्या मंडळींना आधी चहा गेला, आणि नवरीच्या सख्ख्या मामाच्या हातात आला तो अर्धा कप. त्यातही गार. दादांनी कप खाली ठेवला. "सुभे, आता तुह्या घरी चा पेईन त गोवर्धन नाव सांगनार नाई!" माणूस शब्दाचा पक्का. म्हणजे हट्टीच, पण सख्ख्या भावाबद्दल असं सुभद्राबाईंना म्हणवत नसे.

बरं, अबोला वगैरे काही नव्हता. दर भाऊबीजेला दादा मोर्शीला येत, ओवाळून घेत, ताटात साडी ठेवत, पोटभर जेवत आणि हात पुसता पुसताच चप्पल शोधायला लागत.

"थोडा बस ना, दादा."

"बसून काय करू?"

खरंच की! पुढे चहा यायचा नाही म्हटल्यावर माणसानं बसावं तरी कशाच्या जिवावर? पूर्वी दुपारचा चहा होईतो दादा ओसरीवर पाय पसरून बसायचे, मग आईच्या आठवणी निघायच्या, एका कपाचे दोन व्हायचे. आई जाऊन बारा वर्षं झाली. सुभद्राबाईंना 'सुभे' म्हणणारं आता एकच माणूस उरलं होतं, आणि तेही तासभरात पळून जात होतं. त्यांना याचं फार वाईट वाटे.

सून प्रणालीचं घरात वेगळंच काही चाललेलं असे. संत्र्याची सालं, अंबाडीची लाल बोंडं, तुळस, गवती चहा, सगळं सावलीत वाळवून ती पाकिटं भरी आणि अमरावतीच्या प्रदर्शनात विकायला नेई. गरम पाण्यात चमचाभर टाका, पाच मिनिटं झाका, गाळा आणि प्या. चहापत्ती नाही, त्यामुळे झोप उडत नाही की पित्त खवळत नाही, हे ती गिऱ्हाइकांना एका दमात ऐकवत असे. सुभद्राबाई त्या सगळ्याला 'सालपानी' म्हणत आणि तोंडही लावत नसत.

यंदा भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मात्र सालं उलटी करता करता त्या एकदम थांबल्या.

"प्रणाली, याच्यात खरंच चा नाई व?"

"एक दानाबी नाई, आई."

"मंग दादाले चालते!"

"पन गवती चा आहे ना त्याच्यात."

सुभद्राबाईंचा चेहरा पडला, पण पळभरच. "ते गवत होय. उद्या त्याले गवतच मनजो. चा शब्द तोंडातून निंघला त पाह्य!"

दुसऱ्या दिवशी दादा जेवले, हात पुसले आणि चपलेकडे वळले. तेवढ्यात प्रणाली कपबशी घेऊन आली. दादांनी कपात वाकून पाहिलं. पाणी लालभडक, वर वाफ.

"चा नाई ना?"

"नाई मामाजी. फळा-पानाचं पानी."

दादांनी बशीत ओतलं, फुंकर घातली, एक घोट घेतला. सुभद्राबाई दाराआडून पाहत होत्या. दादांनी दुसरा घोट घेतला आणि ते ओसरीवर बसले. मग पाय पसरले.

सुभद्राबाईंचा आनंद पोटात मावेना. कप संपला, दुसरा आला. यंदा संत्र्याचा आंबिया बहार कसा आहे इथून बोलणं सुरू झालं आणि आईनं एकदा पिसाळलेल्या वळूला झाडूनं कसं पळवलं होतं, तिथवर गेलं. दोघं भाऊबहीण डोळ्यांत पाणी येईतो हसले. दादांनी डोळे पुसले आणि सहज विचारलं, "चांगलं लागते व पोरी. काय काय टाकते याच्यात?"

प्रणालीला प्रदर्शनातली सवय नडली. "संत्र्याची साल, अंबाडीचे बोंडं, तुळस, गवती चा..."

प्रणालीनं जीभ चावली. दादांनी बशी खाली ठेवली.

"ते गवत आहे, दादा!" सुभद्राबाई घाईघाईनं म्हणाल्या. "नुसतं नाव आहे चा. गवतच होय ते!"

"मले सांगतं तू?" दादा म्हणाले. "आईनं आपल्या विहिरीपाशी लावलेलं त्याचं बेट अजून आहे तठी. रोज जातो त्याच्याजवळून. पयल्याच घोटाले वास आला मले."

"मंग पेला काहून?"

दादांनी खाली ठेवलेली बशी परत उचलली. त्यांचा आवाज खाली आला. "चार वर्सं झाले, सुभे. तुह्यापाशी बसाले बहाना भेटून नोता राहिला."

सुभद्राबाईंना रडू येत होतं आणि भावाच्या पाठीत एक धपाटाही घालावासा वाटत होता.

"अन् नाव?" त्यांनी कसंबसं विचारलं. "गोवर्धन नाव सांगनार नाई मने."

"नाई सांगत. तू त दादाच मनतं." त्यांनी कप पुढे केला. "भर अजून. अन् या बारीले अर्धा नको."

सुभद्राबाईंनी कप इतका भरला की बशीतही सांडलं. दादांनी आधी बशीतलं पिऊन टाकलं.