गुहेतल्या बाईचं गोत

"माझं शेवटी सांगा," सुईण प्रयोगशाळेतून आलेल्या संशोधक बाईंना म्हणाली आणि शाळेच्या सभागृहात सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसली.

सगळी वस्ती जमली होती. टेबलावर एक पेटी होती आणि तिच्यात हाडं, डोंगरातल्या गुहेत सापडलेल्या, हजारो वर्षांपूर्वीच्या एका बाईची. वस्तीला विचारूनच तिचा एक दात प्रयोगशाळेत नेला होता. इथल्या मूळ रहिवाशांची कुळं किती नि कुठली, हे कळावं म्हणून घरोघरची थुंकीही नेली होती. आज निकाल सांगून झाला की त्या बाईला परत डोंगरात पुरायचं होतं.

थुंकी दिल्यापासून सुईणीला एकच घोर लागला होता. तान्ही असताना ती नदीकाठाला बांधलेल्या एका नावेत सापडली होती. वस्तीनं तिला वाढवलं, पुढं सासरही तिथंच मिळालं. निम्म्या वस्तीची नाळ तिनंच कापलेली, लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. पण ही आपल्यातली नव्हेच असं निघालं, तर साठी उलटल्यावर माणसानं जायचं कुठं?

संशोधक बाई सांगू लागल्या. आईकडून लेकरांत उतरणाऱ्या, थुंकीत नि दातात सापडणाऱ्या खुणा वस्तीत चार तऱ्हांच्या निघाल्या होत्या. त्यातली एक दूर समुद्राकडून आलेली, आणि ती नेमकी मुखियाच्या घरात. हा गृहस्थ उठताबसता 'आम्ही इथले मूळचे' म्हणून मिशीला ताव द्यायचा. लोक पोट धरधरून हसले. शेवटी तोही हसला, करतो काय?

"बरं, त्या दातातली खूण कुणाच्या घरात निघाली?" त्यानं विचारलं.

"तुमच्या त्या चारांत ती नाहीच. फक्त एकीत सापडली. मागच्या बाकावर बसल्यात त्या."

सगळ्यांच्या माना वळल्या. सुईणीनंही मागं वळून पाहिलं. मागं नुसती भिंत होती.

"म्हणजे... ही माझी आजी?" तिनं कसंबसं विचारलं.

"इतक्या पिढ्यांमागची आजीच, असं छातीठोक नाही सांगता येणार. त्या आजीची बहीणही असेल. पण नातं आईकडचं, एवढं नक्की."

"मग मावशी म्हटलं तर चालेल?"

"चालेल की."

"माय मरो पण मावशी जगो म्हणतात," मुखिया म्हणाला. "तुझी तर मेलेली मावशीसुद्धा कामाला आली बघ."

सुईण हसता हसता रडायला लागली. साऱ्या गावाच्या या मावशीला जन्मात कुणाला मावशी म्हणायला मिळालं नव्हतं. तिला इतका आनंद झाला होता की तो ठेवायला जागा पुरेना.

दोघं जण पेटी उचलायला पुढं झाले, तशी ती लगबगीनं उठून आडवी आली.

"आज नाही."

"अगं, खड्डा खणून तयार आहे," त्यातला एक म्हणाला.

"असू दे. माहेरचं माणूस पहिल्यांदाच आलंय माझ्याकडं. लगेच कसं जाऊ देऊ?"

तिनं पेटी उचलून छातीशी धरली, आणि मुखियानं पुढं होऊन तिच्यासाठी दार उघडलं.